चटई मावेल तेवढी जागा

शनिवार, १ मार्च २०२५

काल निवृत्त झालो. साजगावच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. समारंभात शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी मिळाली. डायरी रंग पुरवणाऱ्या कंपनीची आहे. जानेवारी आणि फेब्रुवारीची पानं कोरी राहिली होती. स्टोअरच्या रजिस्टरात मी कधी कोरं पान सोडलं नाही, म्हणून त्या सगळ्या पानांवर आडवी रेघ मारून खाली सही केली. जना म्हणाली, "आता तरी सया बंद करा." तिला या गोष्टींचं महत्त्व कळत नाही.

कंपनीचं क्वार्टर ३१ मेपर्यंत सोडायचं आहे. गावातलं घर भावांच्या संसाराला पुरत नाही, तिथे आम्ही कुठे शिरणार. नम्रता पुण्याला बोलावते. जना म्हणते, लेकीच्या घरी चार दिवस राहावं, पाचव्या दिवशी पाहुणीचं ओझं होतं. म्हणून फंडाचे पैसे आले की कर्जतला भिसेगावात फ्लॅट घ्यायचा, असं मी ठरवलं आहे. जना कर्जतला कर्जत म्हणत नाही, 'स्टेशन' म्हणते. तिला स्टेशन आवडतं. बाजार आहे, डॉक्टर आहेत.

फ्लॅटचं सगळं मीच बघणार. आयुष्यभर लाखांचा माल मोजून घेतलेला माणूस आहे.

रविवार, ९ मार्च

जनाला घेऊन स्कूटरवरून भिसेगावला जाऊन आलो. नवी इमारत आहे, चार मजले, लिफ्ट. विक्रीचं काम बघतो तो नवनाथ. आमच्या स्टोअरमधल्या मालोजीचा मुलगा. मालोजी जाऊन सहा वर्षं झाली. पोराने मला बघताच पाया पडून "काका" म्हटलं. डोळे भरून आले. परक्याकडे जाण्यापेक्षा हे किती बरं.

वनबीएचके साडेसहाशेचा आहे. तळमजल्यावर सॅम्पल फ्लॅट सजवून ठेवला आहे. हॉलमध्ये सोफा, खिडकीला पडदे, भिंतीवर मोठा आरसा. मी खूश झालो. जना मात्र विचित्र प्रश्न विचारत बसली. "आतल्या खोल्यांना दारं कशी नायत रं?" नवनाथ म्हणाला, "काकू, मोकळं दिसावं म्हणून लावली नाहीत." पुढे बेडरूममध्ये गेल्यावर ती मला म्हणाली, "अवो, दमलाव ना? पडा जरा त्या पलंगावर."

लोकांच्या सजवलेल्या पलंगावर! मी नको म्हटलं. पण ती अडूनच बसली, तेव्हा बूट काढून आडवा झालो. पाय घोट्यापासून पुढे लोंबत राहिले. माझी उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे मी काही ताड नाही. बहुधा तो लहान मुलांचा पलंग असावा. नवनाथ खिडकीबाहेर बघत होता. मला फार लाज वाटली. जना मात्र समाधानाने म्हणाली, "उठा आता."

मंगळवार, ११ मार्च

आमचं क्वार्टर तीनशे वीस चौरस फुटांचं आहे, अलॉटमेंटच्या पत्रावर तसं लिहिलेलं आहे. नवा फ्लॅट साडेसहाशेचा. म्हणजे दुप्पट आणि वर थोडं. जनाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दुप्पट म्हंजे लई झालं. झाडायला जीव जायचा." पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. बायकांना मोठ्या आकड्यांचा अंदाज येत नाही.

सोमवार, १७ मार्च

नवनाथने काही माहितीचे कागद दिले होते, ते आज वाचत बसलो होतो. एके ठिकाणी 'चटई क्षेत्र' असा शब्द होता. जना लसूण सोलत होती. म्हणाली, "चटई क्षेत्र म्हंजे काय वो? चटई मावंल तेवढी जागा?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "अगं, कार्पेट एरियाचं सरकारी मराठी आहे ते. चटईशी काही संबंध नाही."

"मंग चटई का म्हनत्यात?"

मी पुढचं पान वाचायला घेतलं. पुढे 'सेलेबल', 'बिल्टअप', 'लोडिंग' असे शब्द होते. नवनाथला फोन केला. तो म्हणाला, "काका, ते टेक्निकल असतं, तुम्ही ६५० लक्षात ठेवा."

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

टोकन दिलं. तिसऱ्या मजल्यावरचा ३०४ आमचा. पाडव्याला बुकिंग केलं तर ओट्याखालच्या ट्रॉल्या फुकट मिळणार होत्या. जना म्हणत होती, "आज नको, आधी खरी खोली बघू, खालची सजवलेली नको." पण वर टाइल्सचं काम चालू होतं आणि मुहूर्त साडेअकरापर्यंतच होता. मी चेकवर सही केली. नवनाथने पेढे दिले. जनाने आपला पेढा खाल्ला नाही, परत येताना हातातच धरून स्कूटरवर मागे बसली होती. पळसदरीच्या उतारावर मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काय नाय. वारा लागतोय."

करारनाम्याची नोंदणी अठरा एप्रिलनंतर कधीही.

रविवार, ६ एप्रिल

टाइल्स झाल्या म्हणून ३०४ बघायला गेलो. जनाने घरातली चटई बरोबर घेतली होती. सहा फूट बाय तीन फुटांची आहे, नम्रताच्या बारशाच्या वेळी चौक गावच्या बाजारातून आणलेली. म्हटलं, "हे कशाला?" म्हणाली, "फरशीवर बसायला. माझे गुडघे दुखत्यात." गुंडाळी उभी धरून स्कूटरवर मागे बसली, तेव्हा वाटेत दोन-तीन जण वळून बघत होते.

मी आणि नवनाथ खिडकीतून दिसणारा डोंगर बघत होतो. नवनाथ सांगत होता, पावसाळ्यात धबधबे दिसतात. तिकडे जनाचं बसणं काही जमेना. हॉलमध्ये चटई पसरली, क्षणभर बसली, उठली, पुढे सरकवली. "हितं ऊन येतंय." पुन्हा पसरली. "हितं वारा नाय." हॉलमध्ये सात वेळा जागा बदलली. बेडरूममध्ये पाच वेळा. स्वयंपाकघरात तीनदा, मधल्या बोळात एकदा आणि संडास-बाथरूमसुद्धा सोडलं नाही, तिथे दोनदा. एकूण अठरा वेळा. मला मोजायची सवय आहे म्हणून कळलं. नवनाथ म्हणाला, "काकूंना कुठेच करमेना वाटतं."

मी खिन्न झालो. तिला घर आवडलं नाही की काय?

सोमवार, ७ एप्रिल

आज सकाळपासून जनाने क्वार्टरची झाडलोट काढली. तीच चटई घेऊन दोन्ही खोल्यांत फिरत होती. मध्येच ओठांत पुटपुटली, "सतरा... वर थोडं." विचारलं, कसले सतरा? म्हणाली, "गोधड्या." आमच्याकडे गोधड्या पाचच आहेत. निवृत्तीचा तिच्याही मनावर परिणाम झालेला दिसतो. आता मी दिवसभर घरात असतो, तिला सवय नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आज आमचं वाजलं. जना म्हणते, नव्या घरात बेडरूममध्ये दोन कॉट टाकायच्या, एक आपली आणि एक नम्रता-जावई आले की त्यांच्यासाठी, आणि लोखंडी कपाटही तिथेच.

"बसेल की," मी म्हटलं. "जागा दुप्पट आहे."

"तुमी म्हनताव म्हंजे आसंलच. पन कपाटाचं दार उघडंल का?"

"उघडेल."

"मोजलंय?"

"मोजायचं काय त्यात?"

ती भांडी घासायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "नाय, मी म्हनलं, तुमी तर पाच रुपयांचा नटबोल्टबी मोजून घेताव."

हे मला लागलं. चूक तिची नाही, तिला व्यवहार कळत नाही, सहज बोलून गेली. पण रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. कपाट बसतं की नाही ते तिला दाखवूनच देतो. शनिवारी स्टीलची टेप घेऊन जाणार. एकटाच.

शनिवार, १२ एप्रिल

काय लिहू.

सगळं लिहितो. वॉचमनकडून ३०४ची किल्ली घेतली. आधी बेडरूम. दहा फूट बाय साडेनऊ फूट. आमच्या क्वार्टरची आतली खोली अकरा बाय दहा आहे. मला वाटलं, टेप अडकली असेल. पुन्हा मोजलं, तेच आलं. मग हॉल, चौदा बाय साडेनऊ. स्वयंपाकघर आठ बाय सात. बाथरूम साडेसहा बाय चार. संडास चार बाय तीन. बोळ चार बाय साडेतीन. तिथेच खिडकीत कागद ठेवून बेरीज केली. तीनशे छत्तीस.

साडेसहाशे नाही. तीनशे छत्तीस.

म्हणजे ज्या क्वार्टरमध्ये आम्ही एकोणतीस वर्षं काढली, त्यापेक्षा सोळा चौरस फूट जास्त. एवढ्यासाठी सगळा फंड घालवायचा होता. मी फरशीवरच बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. वॉचमन वर आला आणि विचारलं, "काका, बरं वाटत नाय काय?"

रविवार, १३ एप्रिल

रात्री जेवलो नव्हतो. सकाळी जनाने चहा पुढे ठेवला आणि समोर बसली. सांगावंच लागलं. म्हटलं, "माल न मोजता मी सही केली. एकोणतीस वर्षांत कधी केली नाही, ती आता केली. मालोजीचा पोरगा म्हणून भीड पडली."

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा बोलेल. ती म्हणाली, "टोकनवर केली. घराच्या कागदावर केली का?"

"नाही."

"मंग अजून उशीर झाला नाय. माल दारात आलाय, आत घेतला नाय." मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तुमी मोजलंत म्हनून कळलं. नायतर आपल्याला काय समजनार होतं?"

माझ्या जिवाला थोडं बरं वाटलं. दोन चपात्या खाल्ल्या. मग ती म्हणाली, "त्या कराराच्या कागदात चटई म्हंजे काय ते लिवलं आसंल की कुटंतरी." करारनाम्याचा मसुदा नवनाथने फोनवर पाठवलेला होता, मी उघडूनही पाहिला नव्हता. दुपारी खोपोलीला जाऊन छापून आणला. बेचाळीस पानं.

सोमवार, १४ एप्रिल

दिवसभर वाचत होतो. हातात लाल पेन. फार दिवसांनी ऑडिटच्या दिवसांसारखं वाटलं.

चौथ्या पानावर व्याख्या आहे. चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जमीन. आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत. बाल्कनी धरायची नाही, ती वेगळी लिहायची. जिना, लिफ्ट, गच्ची यांचा तर प्रश्नच नाही. थोडक्यात, चटई क्षेत्राचा चटईशी बराच संबंध आहे. जनाने तेव्हा जे सहज विचारलं होतं ते अगदीच चुकीचं नव्हतं. कधीकधी अडाणी प्रश्नही बरोबर लागतो.

आता अकरावं पान. तिथे ३०४चं चटई क्षेत्र लिहिलं आहे ४०५. मी मोजलेले ३३६ घेतले. आतल्या भिंतींचे चौदा मिळवले. ३५० झाले. राहिले पंचावन्न. पंचावन्न कुठे गेले? तासभर डोकं खाजवलं. जना बाहेर कपडे वाळत घालत होती, तिथूनच म्हणाली, "बाल्कनीत वाळत घालायला दोरी किती लागंल वो? पुढची बाल्कनी केवढी हाय?"

पुढची दहा बाय चार, चाळीस. मागची पाच बाय तीन, पंधरा. पंचावन्न! बाल्कन्या आत घुसवल्या आहेत. चौथ्या पानावर म्हणतात धरायच्या नाहीत, अकराव्यावर धरतात. स्टॉक पैशापैशाला टॅली झाला. मी आनंदाने ओरडलो. जनाला कळेना मला एवढं काय झालं. दोरीचं विचारायला आली होती, ते राहूनच गेलं.

आणि साडेसहाशे? तो आकडा बेचाळीस पानांत कुठेच नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

साइट ऑफिसला गेलो. जना बरोबर आली, डब्यात थालीपीठं घेऊन. म्हटलं, आपण भांडायला चाललोय. म्हणाली, "भांडायला उपाशी पोटी जाऊ नये. आनि पोरगं सकाळपास्नं काय खाल्लेलं नसनार."

मी कागद टेबलावर मांडले. पान चार, पान अकरा, माझी बेरीज. नवनाथने सगळं ऐकलं. त्याला ठाऊक होतं, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून दिसत होतं. म्हणाला, "काका, सगळीकडे असंच चालतं. साडेसहाशेमध्ये जिना, लॉबी, लिफ्ट, भिंती, सगळं येतं. लोक तोच आकडा विचारतात. आम्ही कार्पेट सांगितलं तर समोरच्या बिल्डरकडे जातात."

"ते ठीक आहे. पण कागदावर ४०५ का? तो तर कार्पेटचाच आकडा आहे."

"ते वरनं येतं, काका. मी फक्त विकतो."

मग केबिनमधले साहेब बाहेर आले. आकडा बदलणार नाही म्हणाले. घ्यायचं तर असं घ्या, नाहीतर टोकनचं बघू नंतर. मी म्हटलं, "मी लेखी देतो. उत्तर आलं नाही तर रेराच्या सरकारी कचेरीतही लेखी देईन. मला लिहायची सवय आहे."

साहेब आत गेले. मी नवनाथला अजून दोन मुद्दे सांगणार होतो, तेवढ्यात जनाने मध्येच डबा उघडला आणि विषयच बदलला. "नवनाथ, खा रं. तुझी आई कशी हाय? अजून त्याच भाड्याच्या खोलीत ऱ्हाती का?"

"हो काकू."

"तिच्यासाठी बघतोस का घर?"

"बघतोय. जमेल तसं."

"हितलंच घेशील का तिला? ३०४सारखं?"

नवनाथचा घास हातातच राहिला. मला फार अवघडल्यासारखं झालं, एवढ्या महत्त्वाच्या बोलण्यात घरगुती चौकशा कशाला? डबा तिथेच ठेवून आम्ही निघालो.

शनिवार, १९ एप्रिल

पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे. पोच नाही. सहा आठवडे उरलेत. क्वार्टरचा नवा माणूस, रूपेश नावाचा, बायकोला घेऊन खोल्या बघून गेला. नुकतंच लग्न झालेलं आहे. त्याची बायको संध्या स्वयंपाकघरात उभी राहून फळीवर हात फिरवत होती. जना तिला म्हणाली, "ही फळी हलती, जड ठिवू नको." मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आपल्याच घरात आपण पाहुणे झालो आहोत.

खरं लिहायचं तर भीती वाटते. साठी आली आणि स्वतःच्या नावावर एक खिळा ठोकायलाही भिंत नाही. टोकन बुडालं तर जनाला काय तोंड दाखवू? काल तिने माझ्या डोक्याला तेल लावून दिलं, नम्रता लहान असताना तिला लावायची तसं.

मंगळवार, २२ एप्रिल

नवनाथ आला होता! क्वार्टरवर, मोटरसायकलवरून, उन्हातान्हात. धुतलेला डबा परत आणला, आणि त्यात टोकनचा चेक घालून. पूर्ण रकमेचा. म्हणाला, "काका, तुमच्या पत्राने काम केलं. साहेबांना लेखी नको असतं."

मी समाधानाने जनाकडे पाहिलं. ती डब्याचं झाकण पुसत होती.

मग तो पुढे म्हणाला, "भिसेगावातच एक जुना फ्लॅट आहे. येसूबाई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत, मुलाकडे नाशिकला चालल्यात. पहिला मजला. जुन्या कागदावर बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरून, चारशे ऐंशी आहे. माझं यात काही कमिशन नाही. तुम्ही मोजून घ्या." आणि जनाकडे वळून, "काकू, मी आईसाठी तोच बघून ठेवला होता. पण मला अजून दोन वर्षं जमणार नाही. तुम्ही घ्या."

जना त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "जमंल रं. जमंल." एवढंच. नवनाथने पाणी पिऊन तोंडावरून रुमाल फिरवला. ऊन फारच होतं.

पत्राचा असा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं. लेखी बोलण्याची ताकद वेगळीच.

रविवार, २७ एप्रिल

येसूबाईंचा फ्लॅट पाहिला. वीस वर्षांची इमारत, लिफ्ट नाही, रंग उडालेला. जिन्यात कोणाच्या तरी घरातला कांदा परतल्याचा वास. बाईंनी स्वतः टेपचं एक टोक धरलं. म्हणाल्या, "मोजा, मोजा. मी वीस वर्षं झाडलाय, मला तर तोंडपाठ आहे." आतून तीनशे अठ्ठ्याऐंशी भरला. आतल्या भिंती मिळवल्या की चारशेच्या पुढे. बाल्कनी वेगळी.

गंमत आहे. तिकडे साडेसहाशेचा तीनशे छत्तीस निघाला, इकडे चारशे ऐंशीचा तीनशे अठ्ठ्याऐंशी. कागदावर लहान ते आत मोठं. आकडा सांगताना नुसता आकडा सांगून भागत नाही, तो कशाचा आहे हे आधी विचारलं पाहिजे. हा नियम मी आज स्वतः शोधून काढला. जनाला सांगितला. ती म्हणाली, "खरं हाय. तुमी म्हनताव ते पटतंय."

बेडरूममध्ये दोन कॉट बसतात. कपाटाचं दार पूर्ण उघडतं. पण जनाने आता दुसऱ्या कॉटचा विषय सोडून दिला आहे. म्हणते, "कशाला गर्दी? नम्रता हॉलमध्ये झोपंल." बायकांचं मन फार बदलतं.

शुक्रवार, १६ मे

निबंधक कार्यालयात नोंदणी झाली. फ्लॅट दोघांच्या नावावर घेतला. नवनाथ साक्षीदार म्हणून सही करायला आला होता, नवा शर्ट घालून. बिल्डरकडचं काम त्याने सोडलं आहे, आता एका वकिलाकडे कागदपत्रं बघतो.

सही करण्याआधी जनाने क्षेत्रफळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हेच ना आपलं?" मी म्हटलं, "हेच." मग तिने नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. 'जना भिवाजी' असं लिहून झाल्यावर पेन उचलून क्षणभर बघत राहिली. क्लार्क म्हणाला, "आजी, पुढचं पान." ती म्हणाली, "थांब रं, शाई वाळू दे."

रविवार, २५ मे

सामान हललं. चौकहून टेंपो मागवला होता. क्वार्टरच्या दाराला मी कुलूप लावलं आणि किल्ली रूपेशच्या हातात दिली. पोच लिहून घ्यायची होती, पण घेतली नाही. संध्याने जनाला मिठी मारली. टेंपोत पुढे तिघं बसलो, ड्रायव्हर, मी आणि जना. ती सगळा रस्ताभर बोलत होती, इतकं बोलताना मी तिला फार वर्षांनी ऐकलं. ओट्याखाली काय ठेवायचं, तुळस बाल्कनीत कुठे, शेजारणीला पहिल्या दिवशी काय द्यायचं. माझ्या खांद्यावर डोकं टेकून बोलता बोलता झोपली. उतरताना उठवावं लागलं.

रविवार, ८ जून

आज रूपेश आणि संध्या आले होते. त्यांनाही पुढेमागे स्वतःचं घर घ्यायचं आहे, खोपोलीकडे एक बघितलं आहे, म्हणून माझा सल्ला घ्यायला. कारखान्यात माझ्या ३०४च्या हिशेबाची चर्चा झाली म्हणे. बरं वाटलं.

मी त्यांना नीट समजावलं. कार्पेट म्हणजे काय, बिल्टअप म्हणजे काय, लोडिंग म्हणून जिना-लॉबीची जागा आकड्यात कशी चढवतात. कागद घेऊन आकृती काढली. बाहेरची भिंत, आतली भिंत, बाल्कनी. चांगला दीड तास बोललो. रूपेश मान हलवत होता. जनाने चहा दिला, शंकरपाळे दिले आणि संध्याला म्हणाली, "चल गं, आपन भाजी निवडू. हे पुरुषांचं चालू दे."

दोघी अर्धा तास आत होत्या. मेथीच्या दोन जुड्यांना एवढा वेळ कसा लागतो कोण जाणे. मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. संध्या बाहेर आली ती थेट रूपेशसमोर उभी राहिली. "तुमी त्या हॉलच्या कोपऱ्यात चौकोनी खांब बघितला ना? त्याच्यामागची जागा वापरता येनार हाय का? आनि दुपारी जाऊन बघू या, उजेड किती येतो ते. आनि तोवर टोकन द्यायचं नाय."

रूपेश चकित झाला. मीही झालो, कारण खांबाचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. पोरीने माझं बोलणं आतून कान देऊन ऐकलं असणार आणि त्यातून स्वतःच पुढचं काढलं. हल्लीच्या मुली हुशार आहेत.

ते गेल्यावर मी जनाला म्हटलं, "बघितलंस? नीट समजावून सांगितलं की कळतं माणसाला."

ती निवडलेली मेथी धुवत होती. खांदे हलत होते. विचारलं, "हसतेस का?"

"कुटं हसते? पानी गार हाय." मग मागे वळून, ओल्या हातानेच माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. "तुमी सांगत जावा. मला ऐकायला आवडतं."

चौतीस वर्षं झाली लग्नाला. ती फारसं बोलत नाही, तिला आकडे कळत नाहीत, पण माझं म्हणणं इतकं मन लावून ऐकणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. ती नसती तर मी हे सगळं कुणाला समजावून सांगितलं असतं?